फिरते खुराडे: तीन खेपांनंतरचा अभिप्राय

मांसासाठीच्या कोंबड्या उघड्या जमिनीवर वाढवता याव्यात म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये मी तळ नसलेले आणि रोज जागा बदलता येणारे एक लोखंडी खुराडे बनवून घेतले. कोल्हापूर भागातील एका कारागिराने ते तयार केले. त्याची किंमत 14,500 रुपये पडली आणि फोंडाघाट उतरून कुडाळ तालुक्यातील आमच्या वाडीपर्यंत ते आणण्याचे भाडे 2,000 रुपये झाले. तेव्हापासून त्यात पक्ष्यांच्या तीन खेपा वाढवून विकल्या. पहिल्या खेपेनंतरच अभिप्राय लिहिला असता, तर हे खुराडे घेऊ नका असे मी स्पष्ट लिहिले असते. तिसऱ्या खेपेनंतर माझे मत बदलले आहे. खुराडे मात्र तेच आहे. बदलली ती जमीन, पक्ष्याची जात आणि हंगाम.

आधी वस्तूचे वर्णन करतो. एक इंची चौकोनी पाइपची चौकट 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. निम्म्या भागावर पत्र्याचे छप्पर असून उरलेल्या भागावर आणि चारही बाजूंना जाळी आहे. मागच्या बाजूला दोन चाके आहेत आणि दांडा दाबला की ती खाली येऊन मागची कड जमिनीपासून उचलली जाते. पुढच्या बाजूला ओढण्यासाठी दोर आहे. आत खाद्याची लांबट पन्हळ आणि छपरावर 20 लिटरचा कॅन ठेवून त्याला जोडलेली निपलची (पक्ष्याने चोच लावली की थेंबथेंब पाणी देणाऱ्या तोट्यांची) नळी, एवढे साहित्य सोबत मिळाले. सगळे मिळून वजन साधारण 55 किलो भरते. सपाट जमिनीवर एक माणूस ते ओढू शकतो, पण चढावर किंवा खडबडीत जागी दोघे लागतातच.

ही कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जोएल सॅलटिन हे शेतकरी अनेक वर्षे अशाच पद्धतीने ब्रॉयलर वाढवत आले आहेत. त्यांचे खुराडे 10 फूट बाय 12 फूट आणि जेमतेम 2 फूट उंच असते, त्यात सुमारे 75 पक्षी राहतात आणि रोज सकाळी ते गवताच्या ताज्या पट्ट्यावर सरकवले जाते. त्या प्रदेशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि कुरणे सपाट ते मंद उताराची असतात. आमच्याकडे 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळपास चार महिन्यांतच कोसळतो, त्या काळात जमिनीवर पाणी वाहत असते, आणि गवत मात्र नेमके त्याच काळात हिरवेगार असते. पाऊस संपून जमीन वापरण्याजोगी होते तेव्हा गवताचे दिवसही भरत आलेले असतात आणि जानेवारीनंतर कातळावर पिवळ्या काड्यांशिवाय काही उरत नाही. कोकणात फिरते खुराडे घेऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी विचार करावा तो या अडचणीचा. मी तो केला नव्हता आणि विकणाऱ्यानेही मला विचारले नव्हते.

पहिली खेप नोव्हेंबर 2023 मध्ये आंब्याच्या बागेत केली आणि त्यासाठी ब्रॉयलरची पिल्ले आणली. ब्रॉयलर हा पक्षी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाण्यासाठी घडवलेला आहे. त्याची भूक आणि त्याची छाती वाढते त्या वेगाने त्याचे पाय वाढत नाहीत. तीन आठवड्यांची पिल्ले बागेत सोडल्यावर पहिले चार-पाच दिवस ती गवतात चोची मारत होती, नंतर मात्र खाद्याच्या पन्हळीशेजारी बसून राहू लागली. सकाळी खुराडे सरकवताना ती उठून पुढे चालत नसत. मागच्या कडेखाली दोन पक्ष्यांचे पाय सापडले आणि त्यांना त्याच दिवशी कापावे लागले. बागेची जमीन आमच्याकडे असते तशी, मध्येच जांभ्याचा उंचवटा आणि मध्येच खळगा अशी. चौकट ताठ असल्याने एक कोपरा टेकला की दुसरा कोपरा चार बोटे वर राहतो. त्या फटीतून मुंगसाने भर दुपारी चार पक्षी मारले. खोदण्याचेही कष्ट त्याला पडले नाहीत.

यात खुराड्याचा दोष किती आणि माझा किती, हे मी प्रामाणिकपणे वेगळे करू इच्छितो. असमान जमिनीवर ताठ चौकट नेणे ही माझी चूक होती. मात्र बाजूंना लावलेली षट्कोनी जाळी हा निर्विवादपणे खुराड्याचा दोष होता. ही पातळ तारेची जाळी पक्ष्यांना आत ठेवण्यापुरती ठीक असते, बाहेरच्या जनावराला रोखण्यासाठी नव्हे. उदमांजर ती दातांनी उसवते आणि जाळीला टेकून झोपलेल्या पक्ष्याचा पाय किंवा पंख बाहेर ओढते. मी कारागिराकडे तक्रार केली तेव्हा “सगळे हीच जाळी घेतात” असे उत्तर मिळाले आणि बदलून देण्यास नकार मिळाला. शेवटी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेल्या जाड तारांची चौकोनी जाळी) स्वतः आणून खालच्या दीड फुटाला चौफेर बांधली. त्याचा खर्च 2,100 रुपये झाला. खालच्या कडेला जुन्या ट्यूबच्या रबराच्या वीतभर रुंद पट्ट्या लावल्या. त्या जमिनीवर लोळतात आणि लहानसहान फटी झाकतात. मुंगसाला रबर अडवू शकत नाही, पण फट दिसत नसल्याने ते तेथे थांबत नाही, असा माझा दीड वर्षाचा अनुभव आहे.

दुसऱ्या खेपेपासून मी वनराज जातीची पिल्ले घेऊ लागलो. ही जात हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील कुक्कुटपालनासाठी विकसित केली. पिसे रंगीत, पाय लांब आणि अंगकाठी मजबूत असलेला हा पक्षी मांस आणि अंडी या दोन्हींसाठी पाळता येतो. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने तयार केलेली गिरिराज जातही याच कामाची आहे आणि आमच्याकडे ती अनेकांनी पाळली आहे. वनराजची पिल्ले पहिले पाच आठवडे मांगरात, म्हणजे शेतावरच्या गोठावजा छपरात, तुसाच्या गादीवर, बल्बच्या उबेत वाढवावी लागतात. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी, हा हिशोब पाळला की मरतूक फार कमी होते. लसीकरण याच काळात उरकते: पहिल्या आठवड्यात राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा ही लस, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या रोगाची लस आणि चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा. लहान शेतकऱ्याची येथे अडचण होते, कारण मला मिळते ती सर्वांत लहान कुपी 100 मात्रांची असते आणि पाण्यात मिसळल्यावर लस दोनेक तासांत संपवावी लागते. मी आता वाडीतील आणखी दोन घरांशी ठरवून एकाच दिवशी पिल्ले आणतो आणि एकच कुपी तिन्ही घरी वापरतो.

वनराज पक्षी खुराड्याला फार लवकर सरावतात. तिसऱ्या दिवसापासून दोराचा आवाज आला की सगळे पुढच्या बाजूला गोळा होतात, कारण पुढे ताजी जमीन आणि तिच्यातले किडे आहेत हे त्यांना कळलेले असते. खुराडे सरकत असताना ते त्याच्या चालीने चालतात. पुढची दहा मिनिटे त्यांची पाय मारण्याची आणि माती उकरण्याची जी घाई चालते ती पाहण्यासाठी मी सकाळचा चहा तेथे नेऊन पितो. ब्रॉयलरमध्ये हे दृश्य मला एकदाही पाहायला मिळाले नव्हते. शेडमध्ये आयुष्य काढणाऱ्या पक्ष्याला आपण कशापासून वंचित ठेवतो, हे मला खऱ्या अर्थाने त्या सकाळी समजले.

ही दुसरी खेप मात्र फेब्रुवारी ते एप्रिल 2024 या काळात झाली आणि उन्हाने आम्हाला छळले. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत तापमान 35 अंशांच्या वर गेले की कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागते. तिला घाम येत नाही आणि हवेत ओलावा असेल तर धाप टाकूनही तिचे अंग पुरेसे थंड होत नाही. या खुराड्याचा पत्रा दुपारी हात ठेवता येणार नाही इतका तापत असे. छपराखाली अडीच फुटांवर बसलेल्या पक्ष्यांना ती सावली आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. तीन चांगले वाढलेले नर एकाच दुपारी गेले. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर नारळाच्या झापांचे दोन थर अंथरले आणि काळ्या नळीऐवजी पांढरी नळी आणून ती छपराखालून फिरवली, कारण उन्हात तापलेले पाणी पक्षी पीत नाहीत. त्यानंतर एकही पक्षी उन्हाने गेला नाही. झापांना पैसे पडत नाहीत आणि त्यांचे वजन नगण्य असते, तेव्हा हे खुराडे घेणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्याच दिवशी अंथरावेत.

खुराड्याला न्याय मिळाला तो तिसऱ्या खेपेत. ऑक्टोबर 2024 मध्ये भातकापणी झाली आणि आमच्या घराखालचे कुणगे, म्हणजे भाताची बांधबंदिस्त खाचरे, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालण्याइतके सुकले. भाताचा कुणगा पाणी समान उभे राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सपाट केलेला असतो. कोकणात याहून समतल जमीन शोधून सापडत नाही. त्यात कापणीच्या वेळी गळलेले दाणे, खुंटांच्या बुडाशी लपलेले किडे, बांधावरून पसरलेली हिरवी हरळी आणि अजून शिल्लक असलेली ओल, असे पक्ष्याला हवे ते सगळे असते. आम्ही बागेत वर्षभर झगडलो आणि योग्य जागा घराच्या पायरीवरून दिसत होती, ही गोष्ट मला आजही बोचते. खुंट मात्र सहा बोटांहून उंच ठेवू नयेत. आमच्या पहिल्या कुणग्यात ते उंच राहिले होते, त्यामुळे खुराडे अडकत होते आणि ओढताना चाकाचा एक आस वाकला. तो सरळ करून घ्यावा लागला.

त्या खेपेचा हिशोब मी वहीत रोज लिहिला, म्हणून तो येथे देतो. 40 पिल्ले 40 रुपये दराने 1,600 रुपयांना आणली. त्यांपैकी 36 पाचव्या आठवड्यात खुराड्यात गेली आणि आठ आठवड्यांनी 35 विकली. एकूण सुमारे 200 किलो खाद्य लागले. त्यांपैकी 110 किलो विकतचे होते, त्याचे 4,840 रुपये झाले. उरलेले 90 किलो घरची कणी, कोंडा आणि थोडी सुकटीची कुटी असे होते, त्याची किंमत मी 1,980 रुपये धरतो. लस, वीज आणि तूस यांना 600 रुपये लागले. म्हणजे सगळा खर्च 9,020 रुपये. सरासरी पावणेदोन किलोप्रमाणे 61 किलोंहून थोडे अधिक वजन भरले आणि 280 रुपये किलो या जिवंत वजनाच्या दराने 17,150 रुपये आले. हाती 8,130 रुपये उरले, पण त्यात माझी आणि पत्नीची मजुरी धरलेली नाही. सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे, एकही दिवस न चुकता, हे काम करावे लागते. लग्नकार्याला दोन दिवस गावाला जायचे असले तरी कोणाला तरी सांगून जावे लागते.

विकणाऱ्याने “खाद्य निम्म्यावर येईल” असे सांगितले होते, ते साफ चुकीचे आहे. एक किलो वजनामागे आम्हाला सव्वातीन किलोंच्या आसपास खाद्य लागले. वाळलेल्या गवतावरच्या दुसऱ्या खेपेत ते साडेतीनहून थोडे अधिक होते, आणि त्यातही काही वाटा उन्हाचा असणार. म्हणजे हिरवा चारा, दाणे आणि किडे यांनी मिळून फार तर दहावा भाग वाचवला. कोंबडी ही गाय नव्हे. तिच्या पोटात गवताच्या तंतूंपासून मांस तयार होत नाही, त्यामुळे तिला धान्य आणि प्रथिने द्यावीच लागतात. हिरवाईने पक्ष्याची चरबी पिवळी होते आणि मांसाला चव येते, पण खाद्याची पोती जवळपास तेवढीच आणावी लागतात.

खरा लाभ आरोग्यात आणि जमिनीत आहे, आणि त्याबद्दल विकणाऱ्याने एक शब्दही सांगितला नव्हता. परसातल्या कोंबड्यांना पिल्लेपणी होणारी रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, विष्ठेतून पसरते. विष्ठेतील जंतूंची अंडी पडल्यापडल्या रोग देत नाहीत. ऊब आणि ओल मिळाल्यावर एक-दोन दिवसांनी ती रोगकारक होतात. खुराडे रोज पुढे गेले की पक्षी त्या अंड्यांची मुदत भरण्याआधीच तेथून निघून गेलेले असतात. पूर्वी मांगराशेजारच्या एकाच कुंपणात कोंबड्या ठेवत असताना मला दर पावसाळ्यानंतर या रोगाचे औषध आणावे लागे. फिरत्या खुराड्यातील तिन्ही खेपांत ते एकदाही लागले नाही. छपराचाही असाच एक उपयोग आहे. खाद्य आणि पाणी छपराखाली राहिल्याने बगळ्यांची आणि कावळ्यांची विष्ठा त्यात पडत नाही. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हापासून महाराष्ट्रातील कोंबडीवाल्यांना रानपक्ष्यांपासून पाणी आणि खाद्य वेगळे राखण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

जमिनीचा हिशोबही सोपा आहे. खुराड्याखाली रोज 60 चौरस फूट जमीन येते आणि आठ आठवड्यांत 3,360 चौरस फूट, म्हणजे तीन गुंठ्यांना थोडी जास्त. या तीन गुंठ्यांवर माझ्या अंदाजाने दीडशे किलो ओली विष्ठा आपोआप आणि सारखी पसरली गेली. ती उचलावी लागली नाही, वाहून न्यावी लागली नाही आणि घराजवळ तिचा वासही आला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या कुणग्यातले भात शेजारच्यापेक्षा गडद हिरवे उठले आणि युरियाचा एक हप्ता मी दिला नाही. जेथे खुराडे चुकून दोन दिवस एकाच जागी राहिले होते, तेथे भात माजले आणि पोटरीनंतरच्या पावसात लोळले, तेव्हा एकदा वापरलेल्या पट्ट्यावर त्याच वर्षी पुन्हा खुराडे नेऊ नये. त्याच जागी लगेच मुळा किंवा कोथिंबीर असे कच्चे खाण्याचे काही लावू नये, ही काळजीही आम्ही घेतो.

पक्ष्यांच्या संख्येबाबत विकणाऱ्याचा आकडा 60 होता. माझ्या मते या आकाराच्या खुराड्यात वनराजचे 35 पक्षी ही मर्यादा आहे. त्याहून अधिक ठेवल्यास दहाव्या आठवड्यानंतर नर एकमेकांच्या पाठी टोचू लागतात आणि सकाळपर्यंत जमिनीचा चिखल होतो. उंची अडीच फूट असल्याने आजारी पक्षी पकडण्यासाठी झाकण उघडून गुडघ्यांवर आत शिरावे लागते. ज्यांची पाठ दुखते त्यांनी याचा विचार करावा. रंग तर खाऱ्या हवेत वर्षभरात सुटला आणि सांध्यांवर गंज आला. मी घासून दोन हात रेड ऑक्साइड मारला आहे.

मांसाबद्दल सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील, कारण सगळी धडपड त्यासाठीच आहे. तेरा आठवड्यांचा वनराज चुलीवर शिजायला पस्तीस-चाळीस मिनिटे घेतो. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात तो घट्ट राहतो, हाडापासून सुटून लगदा होत नाही आणि रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. वड्यांबरोबर खाणाऱ्या पाहुण्यांनी ती गावठी कोंबडी समजून भाव विचारला, तेव्हा ती गावठी नसून वनराज आहे हे मी त्यांना सांगितले. गावठी पक्ष्याला हे वजन गाठायला कितीतरी अधिक महिने लागतात आणि त्याचा रस्सा याहूनही दाट होतो. रंगीत पिसे पाहून गावठीचा भाव घेण्याची प्रथा बाजारात आहे, पण पाळणाऱ्याने तरी ती पाळू नये असे मला मनापासून वाटते. खरे सांगूनही आमचे सगळे पक्षी शिमग्याची वाट न पाहता जानेवारीतच संपले.

हे खुराडे घ्यावे ते ज्यांच्याकडे कापणीनंतर मोकळे राहणारे सपाट शेत आहे, ज्यांना एका वेळी तीस-पस्तीस पक्षी पुरेसे आहेत आणि ज्यांच्या घरी रोज सकाळी एक माणूस नक्की असतो त्यांनी. ज्यांना ब्रॉयलर वाढवायचे आहेत किंवा ज्यांची सगळी जमीन कातळ आणि उतार आहे, त्यांनी 16,500 रुपये यात घालू नयेत. त्यांना पक्के खुराडे आणि कुंपणात आलटून पालटून वापरायचे दोन भाग अधिक उपयोगी पडतील. ऑर्डर देताना पाइप गॅल्व्हनाइज्ड हवा, चारही बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश हवी, चाके किमान बारा इंचांची हवीत आणि त्यांचा आस जाड हवा, हे कागदावर लिहून द्यावे आणि ते मान्य झाल्यावरच आगाऊ रक्कम द्यावी. मी स्वतः दुसरे खुराडे याच मापाचे, पण आमच्याच तालुक्यातील वेल्डरकडून बनवून घेत आहे, म्हणजे काही मोडले तर दुरुस्तीसाठी घाट चढावा लागणार नाही. कापणी उरकून कुणगा सुकला की दोन्ही खुराडी एका बांधापासून दुसऱ्या बांधाकडे शेजारीशेजारी चालतील.